सांधा मातीच्या वर

गेल्या माघात शालनच्या डोळ्यांदेखत टोमॅटोचं सगळं रान उभ्याउभ्या वाळलं होतं. आधी एका झाडाची एकच बाजू पिवळी पडली, दुसरी बाजू हिरवीगार. तिला वाटलं पाणी कमी पडलं असेल, म्हणून तिनं त्याच्या बुडात बादली उपडी केली. दुपारी झाड मान टाकायचं, ऊन उतरलं की उठायचं. असं करता करता एका संध्याकाळी ते उठलंच नाही. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. लिंबाएवढी हिरवी फळं अंगावर घेऊन झाडं गेली. जोतीरामनं एका झाडाचं खोड खुरप्यानं उभं चिरून बघितलं. आत चहाच्या गाळाच्या रंगाची रेघ मुळापासून थेट वरपर्यंत चढलेली.

"मर हाय ही," तो म्हणाला. "मातीतनं वर चढलीया."

त्यानं सगळी झाडं उपटली, बांधाच्या कोपऱ्यात ढीग करून पेटवली आणि धुराकडं पाठ करून बसून राहिला.

जोतीराम मूळचा खटाव तालुक्यातला. अर्धं आयुष्य त्यानं वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याची पोती वाहिली. मानेखाली, जिथं पोतं टेकतं तिथं, कातडं चपलेच्या तळासारखं झालं होतं. मग एक दिवस कंबर अशी धरली, की डॉक्टरांनी ओझं कायमचं बंद केलं. घणसोली गावातल्या खोलीत खिडकीशी बसून तो समोरच्या टॉवरचे मजले मोजायला लागला. महिनाभरात माणूस निम्मा झाला. शालनच मग एका ओळखीतून सखूबाईपर्यंत पोचली होती. उरणच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला सखूबाईचं शेत, शेताला विहीर आणि घरामागं दोन रिकाम्या खोल्या. पावसाळ्यात भात, भातामागं भाजी, निम्मा निम्मा वाटा. घणसोलीची खोली सोडून दोघं तिकडं राहायला गेली. मुलगा रणजीत कळंबोलीहून ट्रेलर चालवायचा. गाडी मोकळी झाली की येऊन जायचा.

सखूबाई गावातल्या जुन्या आगरी घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक शेजारच्याच गावात दिलेली. अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. तिचा जावई हिरामण एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. रान जळालं त्या दिवशी तो मोटरसायकल बांधाला लावून शेतात आला आणि पायानं ढेकूळ फोडून म्हणाला, "आये, सांगितलेलं मी. मातीच मेली हाय. मुरूम टाकून सपाट करू. ट्रेलर उभे करायला जागा मागतान लोकां. आनि या घाटावरच्यांना तरी कशाला ताप?"

शालननं पदर तोंडावर ओढून घेतला. घाटावरची म्हणवून घ्यायचं तिला काही नवं नव्हतं. पण हातात जळक्या झाडांची काटकी असताना ते ऐकणं वेगळं होतं.

सखूबाईनं जावयाकडं बघितलं, जोतीरामच्या पाठीकडं बघितलं. "एक साल," ती म्हणाली. "भात होऊदे, भातामागनं त्यांना परत टोमॅटो लावूदे. परत मेला, तर तू तुजा मुरूम टाक. मी आडवी येनार नाय."

*

वैशाखात रणजीतचं लग्न झालं. सून आली ती नारायणगावच्या बाजूची, सुनयना. मोठ्यानं हसणारी, भरभर चालणारी, आणि घरात कुणी ऐकत नसलं तर भांड्यांशी बोलणारी. लग्नाआधी ती रोपांच्या नर्सरीत कामाला होती. तिच्या बॅगेत साड्यांच्या घडीखाली ब्लेडांची दोन पाकिटं आणि बोटभर प्लास्टिकच्या चिमट्यांची पिशवी निघाली, तेव्हा शालन मनात म्हणाली, ही काय न्हाव्याची पोर हाय का काय.

भात कापून झालं त्या आठवड्यातली गोष्ट. सखूबाईच्या परसात धुण्याच्या दगडाशी टोमॅटोचं रान माजलं होतं. फळं बोराएवढी, वेल कुंपणावर चढलेली. सखूबाई ती फळं सुकटीबरोबर पाट्यावर वाटायची. सुनयना तिथं धुणं घेऊन गेली आणि धुणं विसरून उकिडवी बसली.

"सखूमावशी, ही कुणी लावली?"

"कोन लावतंय? आपसूक येतान. दर साली."

"ह्याच जागी?"

"ह्याच. उपटून उपटून हात दुखतान माजे."

"आणि मर लागत नाही?"

"मेली असती तर नारल फोरला असता!" सखूबाई म्हणाली.

सुनयनानं एक झाड मुळासकट ओढलं. माती झटकून मुळं उन्हात धरली, नखानं सोलली, पुन्हा सोलली. मग ओल्या हातांनीच पळत शेतात आली. "आत्याबाई, मामा, मला एक करून बघायचंय!"

तिचं म्हणणं असं होतं : खालचं बूड सखूबाईच्या बोरटोमॅटोचं घ्यायचं आणि त्यावर शेंडा बाजारात चालणाऱ्या मोठ्या टोमॅटोचा बांधायचा.

"आंब्यागत कलम?" जोतीरामनं विचारलं.

"तसंच, पण रोप काडीएवढं असतानाच. नर्सरीत आम्ही दिवसभर तेच करायचो." ती मातीत बोटानं रेघा ओढत सांगायला लागली. "मातीतली बुरशी मुळाच्या कोवळ्या टोकाला चिकटते, आत शिरते आणि पाणी वर न्यायच्या नळ्यांमधनं चढते. आपलं मोठं टोमॅटो गाफील असतं मामा. त्याला कळतं तोवर ती शेंड्याला पोचलेली असते. रानटी जातीला शिरल्या शिरल्याच कळतं. ती नळी ते झाड आतनं चिकानं बुजवून टाकतं आणि मुळाच्या भिंती जाड करतं. जिथं शिरली तिथंच बुरशी कोंडून पडते. तेवढं एक मूळ जातं, झाड राहतं. नर्सरीत शेतीखात्याच्या मॅडम यायच्या, त्या चिरून दाखवायच्या."

"म्हंजे चोर शिरला की त्या खोलीच्या दाराला भाएरनं करी घालाची," पाठोपाठ आलेली सखूबाई म्हणाली. "आनि आपन माजघरात निजाचा."

"अगदी तसंच! पण मावशी, तुमच्या झाडात हे आहे का, हे मी सांगू शकत नाही. लावल्याशिवाय कळणार नाही."

जोतीराम शालनकडं बघत राहिला. गेल्या वर्षापासून टोमॅटोचं नाव काढलं की त्याचा चेहरा मिटायचा. शालनला तेवढ्यासाठीच हो म्हणावंसं वाटलं. "लावू की," ती म्हणाली. "न्हायतरी मुरूमच पडायचाय."

*

दोन्ही जातींची रोपं ट्रेत उगवली. ती काडीएवढी झाली, तेव्हा सुनयनानं पडवीत चटई अंथरली. खालचं रोप तिरकं कापायचं, वरचं तिरकं कापायचं, काप कापाला भिडवायचा आणि चिमटा लावायचा. तिची बोटं मण्यांची माळ ओवावी तशी चालायची. शालनची बोटं मात्र आयुष्यभर भाकरी थापून, गवत उपटून जाड झालेली. काडी हातातच चिरडायची.

"हात असा नाही, आत्याबाई. अंगठा सैल सोडा."

सुनेकडून हात धरून शिकायचं शालनच्या जिवावर आलं. तिनं ब्लेड खाली ठेवलं, चहाचं निमित्त करून उठली, चहा करून परत आली आणि पुन्हा बसली. दुपारपर्यंत तिच्या हातून एक कलम नीट जमलं, तेव्हा तिनं ते कुणाला न सांगता वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं.

कलमांवर काळं कापड आणि वर प्लास्टिक घालून सुनयनानं बजावलं, "ह्याला वारा लागू द्यायचा नाही. आत घाम सुटला पाहिजे." दुसऱ्या दिवशी ती बाजाराला उरणला गेली आणि शालननं आत डोकावलं. पानं घामेजून चिकटलेली. उकाड्यात लेकरं कोंडावीत तसं तिला वाटलं. तिनं प्लास्टिक वर केलं, पाणी शिंपडलं आणि वाऱ्याला उघडं ठेवलं. दुपारपर्यंत सगळे शेंडे माना मोडून पडले.

सुनयना आली तेव्हा शालन ट्रेशीच बसून होती. "मी उघडलं," तिनं पोरीला उंबऱ्यावरच सांगून टाकलं. "मला वाटलं, गुदमरत्यात."

सुनयना विहिरीवर गेली, बराच वेळ पोहरा सोडत बसली. परत आली ती दोन्ही हात पदराला पुसत. "बिया उरल्यात," ती म्हणाली. "ह्या वेळी प्लास्टिक तुम्ही घाला आणि काढायचं कधी, तेही तुम्हीच ठरवा. फक्त मला विचारून."

शालनला हसू फुटलं. मग सुनेलाही. दुसऱ्या खेपेची कलमं सासू-सुनेनं गुडघ्याला गुडघा लावून बांधली. प्लास्टिकखालचा घाम बघून शालनचा जीव कासावीस व्हायचा, तेव्हा ती उठून सखूबाईकडं वाटणाला जायची. चिमटे निघाले आणि सांधे धरलेली रोपं उभी राहिली, तेव्हा दोघींनी ट्रे डोक्यावर घेऊन शेतात नेले. लावताना सुनयना प्रत्येकापाशी वाकून बघायची, सांधा मातीच्या वर आहे ना.

रोपं मात्र काही केल्या वाढेनात. खुजी, गडद, हट्टी. शेजारच्या रानातले टोमॅटो कमरेला लागले तरी ही गुडघ्याच्या खालीच. हिरामण येता-जाता मोटरसायकल हळू करायचा. "काय मावशी, बोन्साय लावलाय काय?"

"आधी बूड धरतंय ते," सुनयना ठसक्यात म्हणायची. मग आत येऊन शालनला हळूच विचारायची, "धरतंय ना हो आत्याबाई?"

*

पौषात सुनयनाच्या माहेराहून पहिल्या संक्रांतीचं बोलावणं आलं. सासू-सून नारायणगावला गेल्या, त्या पाहुण्यांच्या आग्रहानं चांगल्या आठवडाभर राहिल्या. जाताना शालन जोतीरामला सगळं सांगून गेली. पाणी कधी द्यायचं, मावा पडला तर काय फवारायचं. जे सांगायचं राहिलं ते एवढंच, की झाडाला भर द्यायची नाही, बुडाशी माती चढवायची नाही. कारण टोमॅटोला भर देतात, हे कुणी कुणाला सांगतं का? जे सगळेच न सांगता करतात, ते करू नका म्हणून सांगायचंही सुचत नाही.

त्या परत आल्या तेव्हा जोतीराम बांधावर उभा होता. कमरेला पट्टा, हातात कुदळ, चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं हसू. त्यानं अख्ख्या रानाला भर दिली होती. कंबर दुखत होती म्हणून दोन-चार झाडांमागं टेकत, पुन्हा उठत, पाच दिवस खपून. मातीचे वरंबे आखून काढल्यासारखे सरळ. झाडं त्यात छातीपर्यंत रुतून उभी.

"बघा," तो म्हणाला. "कशी ऐटीत हायती."

सुनयनाच्या हातातली पिशवी खाली आली. सासऱ्यापुढं तिला तोंड उघडवेना. ती शालनच्या मागं सरकली आणि कानाशी पुटपुटली, "आत्याबाई, सांधा बुजला. वरचं टोमॅटो आता स्वतःची मुळं सोडणार. तीच मर धरणारी मुळं."

शालननं नवऱ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांनी त्याला असा ताठ उभा बघितला होता. तिला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. पण माती काही उद्यापर्यंत थांबणार नव्हती.

"अवं," ती जवळ जाऊन म्हणाली, "काम झ्याक झालंय. पर ह्या झाडाला भर चालत न्हाय. सांधा उघडा पायजे. माती काढावी लागंल."

"समदी?"

"समदी."

जोतीरामच्या हातातली कुदळ आपोआप आडवी झाली. तो खाली बसला आणि कपाळ गुडघ्याला टेकवलं. सुनयना रडायच्या बेतात आली. "मामा, माझं चुकलं, मी सांगायला पाहिजे होतं."

मग त्यानं जवळच्या झाडाच्या बुडाशी दोन्ही हात घातले आणि माती मागं ओढायला लागला. बोटांनीच. "खुरपं लागलं तर साल निघंल," तो म्हणाला. "हातानंच काडा."

तिघंही गुडघ्यांवर आली. थोड्या वेळानं सखूबाई कासोटा घट्ट करून सरीत उतरली. रणजीत ट्रेलर लावून आला होता, तोही बाह्या वर सारून बसला. हिरामण ड्युटीवरून परतताना थांबला, आधी हसला. मग सत्तरीची सासू मातीत रांगताना बघून त्यानं हेल्मेट हँडलला अडकवलं. "आये, ऊठ तू. लोकां मना नावा ठेवतील."

"ठेवतील तर बस मंग माजे जागी."

आणि तो बसला. यार्डाच्या पांढऱ्या शर्टात, एका सरीच्या टोकाला. सुनयना ब्लेड घेऊन मागून येत होती. काही झाडांना सांध्याच्या वर मुळांचे पांढरे, मऊ, नवे कोंब फुटले होते. ते ती एकेक कापून काढत होती. काहींची मुळं मात्र मातीत खोल गेली होती, ती ओढली की तुटून आतच राहायची.

दिवे लागले तेव्हा रान पुन्हा बुटकं दिसायला लागलं. सखूबाईनं सगळ्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. हिरामणचा शर्ट बघून रणजीत म्हणाला, "दाजी, साबण आमच्याकडनं." जोतीरामही हसला, पण घास हातातच धरून.

*

माघ लागला आणि ऊन कडक झालं. एका दुपारी बांधाकडच्या सरीत झाडांनी मान टाकली.

शालननं ते आधी बघितलं. तीच एका बाजूची पिवळी पानं, तीच लोंबती मान. फक्त ह्या वेळी झाडांवर फुलं होती, आणि कुठं कुठं फळं धरलेली. तिनं जोतीरामला सांगितलं नाही, पण त्यालाही दिसलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी झाडं लवंडली. सकाळी उठायची, दुपारी पडायची. सरीच्या टोकाची काही उठलीच नाहीत.

"माझ्या भरीनं गेली," जोतीराम म्हणाला. "आता समदं जाणार."

सुनयना रानात फिरून आली. तिचा चेहरा ओढलेला होता, पण डोळे काहीतरी शोधत होते. "मामा, मला दोन झाडं उपटायचीत. एक मेलेलं आणि एक मान टाकलेलं, पण जितं."

"जितं कशाला?"

"आत बघितल्याशिवाय मला झोप येणार नाही."

जोतीरामनं स्वतः कुदळीनं दोन्ही झाडं अलगद काढली. पडवीत गोणपाटावर ठेवली. सखूबाई चष्मा लावून बसली. सुनयनानं मेलेल्या झाडाची माती धुतली. सांध्याच्या वर एक दोरीसारखं मूळ मातीत गेलेलं राहून गेलं होतं. तिनं ते चिरलं. आत तपकिरी रेघ, आणि ती तिथूनच खोडात शिरून थेट वर गेलेली.

"मर सांध्याला वळसा घालून इथनं वर चढली," ती म्हणाली.

मग जितं झाड. तिनं खालच्या मुळांचा झुबका सोडवला. दोन-तीन मुळं काळपट, पोकळ. तिनं एक चिरलं, रेघ होती. सुनयनानं ब्लेड हळूहळू वर सरकवलं. रेघ बोटभर वर गेली, बारीक झाली आणि एका जागी थांबली. तिथं मूळ सुतळीच्या गाठीसारखं जाड आणि चिकट झालं होतं. त्या गाठीच्या वर आतलं लाकूड पांढरंस्वच्छ, दुधासारखं. तिनं दुसरं चिरलं. तिथंही तसंच. तिसरंही. सांधा उघडला, खोड शेंड्यापर्यंत उभं चिरलं. कुठं डागसुद्धा नव्हता. आणि त्या मेलेल्या मुळांच्या डोक्यावरून, खालच्याच बुडातून, पांढऱ्या नव्या मुळ्यांची दाढी फुटली होती.

सखूबाईनं ती गाठ बोटानं चाचपली.

"करी घातली गो हिनं," ती हळूच म्हणाली. "करी घातली!"

"मग मान कशाला टाकतंय?" जोतीरामनं विचारलं.

"नळ्या बुजवल्या ना मामा, पाणी कमी पडतंय. नवी मुळं खाली लागली की उठतील." सुनयना एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायला. "उठतील हो, उठतील!"

शालननं तिला जवळ ओढलं. सुनेच्या हातावरची ओली माती तिच्या चोळीला लागली, ती तशीच राहू दिली.

गेली ती झाडं त्यांनी उपटून जाळली. बाकीच्यांना थोडं थोडं, पण रोज पाणी दिलं आणि दुपारच्या उन्हाला भाताचा पेंढा बुडाशी पसरला, सांध्यापासून चार बोटं लांब. जोतीराम सकाळी सगळ्यांच्या आधी रानात जाऊन बसायचा. एका दुपारी ऐन उन्हात तो घराकडं येताना दिसला. कंबर धरून, पण जवळजवळ पळत. शालनला वाटलं साप निघाला.

"अगं, चल," तो दारातूनच ओरडला. "उभी हायती! समदी उभी हायती!"

*

मग त्या बुटक्या झाडांनी काय अंग धरलं म्हणता! पंधरवड्यात काठ्या अपुऱ्या पडल्या. फळांचे घोस जमिनीला टेकायला लागले. रणजीतनं यार्डातून मोडक्या लाकडी पट्ट्या आणल्या, त्याही पुरल्या नाहीत. सखूबाई घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून रानात न्यायची आणि सांगायची, "बूड माजं हाय. वरचं ह्यांचं."

पहिला तोडा चालू होता त्या सकाळी गावाच्या रस्त्यानं एक डंपर घरघरत आला आणि बांधाशी उभा राहिला. मागं मुरुमाचा ढीग. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "किधर डालने का?"

शालनच्या हातातलं फळ गळून पडलं. सखूबाई मात्र टोपली कमरेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "काय डालताय? माजे डोक्यावर डाल!"

तेवढ्यात हिरामणची मोटरसायकल धुरळा उडवत आली. गडी घामाघूम. "सॉरी आये, सॉरी! मागं सांगून ठेवलेला, कॅन्सल करायला इसरलो." तो ड्रायव्हरला बाजूला घेऊन काहीबाही बोलला. मग सखूबाईकडं वळून, जमिनीकडं बघत म्हणाला, "माजे दारात पन थोरी जागा हाय. ती बोन्साय लावायची म्हनतो. सुनयनावहिनी देतील काय कलमा?"

"शिकवीन," सुनयना म्हणाली. "पण प्लास्टिक उघडायचं नाही."

शालननं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ड्रायव्हर रस्त्यात एवढा खोळंबला म्हणून सखूबाईनं त्याच्या केबिनमध्ये टोमॅटोची अख्खी पिशवी ठेवली. डंपर मुरूम घेऊन आल्या वाटेनं परत गेला.

माल वाशीला न्यायचा ठरला तेव्हा जोतीराम म्हणाला, "तुमी तिघी बी चला."

शालन चपापली. लग्न होऊन ती मुंबईकडं आली तेव्हापासून नवरा रोज मार्केटात जायचा. ती डबा भरून द्यायची, कांद्याचा वास येणारे कपडे धुवायची. पण त्या गेटाच्या आत ती कधी गेली नव्हती. तिथं बायकामाणसांचं काय काम, असंच सगळ्यांचं, तिचंही, म्हणणं.

उजाडता उजाडता टेम्पो भाजीच्या मार्केटात शिरला. शालन क्रेटांच्या मध्ये बसून बघत राहिली. कोबीचे डोंगर, मिरच्यांच्या गोण्या, ओली कोथिंबीर, आणि त्यातून डोक्यावर ओझं घेऊन वाट काढत पळणारी माणसं. पळताना त्यांचे मानेचे स्नायू दोरखंडासारखे ताणलेले. ह्यांच्यातलाच एक होऊन हा माणूस एवढी वर्षं पळत होता तर. तिनं जोतीरामकडं बघितलं. तो टेम्पोतून उतरून सवयीनं क्रेटाला हात घालत होता.

"ए, ए! हात काढ!" कांदाबटाटा मार्केटातली त्याची जुनी टोळी बातमी कळून तिकडं आली होती. पुढं होता हौसेराव, पिकल्या मिशांचा, त्याच्याच तालुक्यातला. "आज तू शेतकरी हाईस. शेतकरी क्रेट उचलतो व्हय? बाजूला हो!"

त्यांनी जोतीरामला हातही लावू दिला नाही. क्रेट हातोहात गाळ्यावर गेले. तिघींसाठी रिकामे क्रेट उलटे घालून बसायला दिले, चहा आला. सखूबाई बशीत ओतून मोठ्यानं फुर्र करून प्यायली तेव्हा सगळा गाळा वळून बघायला लागला, आणि तिनं त्यांच्याकडं बघत दुसरा घोट घेतला.

व्यापाऱ्यानं एक टोमॅटो उचलला, दाबला, दातानं फोडला. रस हनुवटीवरून सदऱ्यावर आला. "वा!" तो रुमाल शोधत म्हणाला. "माल कुणाचा? नाव सांगा, पुकारायचंय."

जोतीरामकडं सगळ्यांची तोंडं वळली. त्यानं एकदा खाकरून घेतलं. "शालन फडतरे," तो म्हणाला. "सखूबाई घरत. सुनयना फडतरे. ह्या तिघींचा."

पुकारणारा माणूस उंच फळीवर चढला. हात तोंडाशी धरून, अख्ख्या मार्केटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पहिलं नाव ठोकलं, "शालन फडतरेऽऽ!"

आपल्याला कुणीतरी हाक मारली असं वाटून शालन चहाचा कप घेऊन ताडकन उभी राहिली आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "ओ!"

गाळ्यात एकच हशा उसळला. हौसेराव मिशीवर हात फिरवत हसला, हिशेबनीस हसला, मिरचीची गोणी डोक्यावर घेऊन चाललेला पोरगा थांबून हसला. सुनयना तर खाली बसली. शालननं लाजून पदर तोंडावर घेतला, पण आत तीही हसत होती. पुकारणाऱ्यानं हसू आवरलं आणि नव्या दमानं दुसरं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच सखूबाई बशी बाजूला ठेवून उठून उभी राहिली होती.